सिग्नल जनरेटरमधला फिल्टर : मॉड्युलेटेड लहरीला आकार कसा द्यायचा

व्हेक्टर सिग्नल जनरेटरवर (मॉड्युलेटेड चाचणी-सिग्नल काढणाऱ्या यंत्रावर) पहिल्यांदा क्यूपीएसके (चार फेजांपैकी एक निवडून माहिती पाठवणारा) सिग्नल काढायला बसलं की मेनूत सिम्बॉल रेटच्या (सेकंदाला किती सिम्बॉल, म्हणजे बिटांचे गट, जातात त्याच्या) आसपास ‘फिल्टर’ असा एक पर्याय दिसतो. तिथे आधीपासून जे भरलेलं असतं तेच ठेवून बहुतेक जण पुढे जातात. सिग्नल बाहेर येतो, स्पेक्ट्रम अॅनालायझरवर काहीतरी उंचवटा दिसतो, काम झालंसं वाटतं. पण शेजारच्या चॅनलमध्ये किती गळती होणार, रिसीव्हरला सिम्बॉल किती स्वच्छ मिळणार आणि अॅम्प्लिफायरवर शिखरांचा किती ताण येणार, या तिन्ही गोष्टी त्या एका पर्यायावर ठरतात. एक सुधारायला गेलं की दुसरी थोडी बिघडते. म्हणून फिल्टर निवडताना स्पेक्ट्रम आणि कॉन्स्टलेशन (प्रत्येक सिम्बॉल कुठे पडला ते दाखवणारा ठिपक्यांचा आलेख) दोन्ही समोर हवेत, एकटा स्पेक्ट्रम बघून ठरवू नये.

हा लेख नव्याने या कामाला हात घालणाऱ्यांसाठी आहे. सगळीकडे एकच उदाहरण वापरतो : क्यूपीएसके, सेकंदाला १० लाख सिम्बॉल. आकडे सोपे राहतात.

फिल्टर हवाच कशाला

क्यूपीएसकेत प्रत्येक सिम्बॉलला आय आणि क्यू या (एकमेकींपासून ९० अंश फेजने सरकलेल्या) दोन वाहिन्यांवर एकेक पातळी ठरते. फिल्टर न लावता त्या पातळ्या तशाच पाठवल्या तर चौकोनी लहर मिळते. तिचा स्पेक्ट्रम मुख्य पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना लांबवर पसरतो आणि त्यातला पहिला उपपट्टा मुख्य शिखरापेक्षा जेमतेम १३ डीबीने खाली असतो. शेजारी दुसरं कोणी बोलत असेल तर हे चालणार नाही.

मग सरळ एक कडक लो-पास फिल्टर लावून कडा कापून टाकल्या तर? स्पेक्ट्रम आवरतो, पण प्रत्येक सिम्बॉलची शेपटी पुढच्या-मागच्या सिम्बॉलवर जाऊन पडते आणि रिसीव्हर गोंधळतो. यातून सुटका कशी करायची ते हॅरी नायक्विस्टने १९२८ साली तारयंत्राच्या संदर्भात मांडलं. पल्स कितीही लांब असू दे, शेजारच्या प्रत्येक सिम्बॉलच्या नेमक्या क्षणी ती शून्यातून गेली की झालं. मधल्या वेळात ती कुठेही भटको, कारण रिसीव्हर बघतो तो त्या नेमक्या क्षणालाच. रेझ्ड कोसाइन फिल्टर ही अट पाळतो, आणि आजही मेनूत ‘नायक्विस्ट’ या नावाने दिसतो तो बहुतेक वेळा हाच.

पायरी १ : आकडे आधी कागदावर

यंत्राला हात लावण्याआधी चार गोष्टी लिहून काढा : सिम्बॉल रेट, फिल्टरचा प्रकार, त्याचा अल्फा (रेझ्ड कोसाइनच्या कडा किती हळू उतरतात तो आकडा) किंवा बीटी (गॉसियन फिल्टरचा आकडा, पुढे येतो), आणि चॅनलची रुंदी. सिम्बॉल रेट म्हणजे बिट रेट नव्हे. क्यूपीएसकेत एका सिम्बॉलमध्ये २ बिट बसतात, म्हणून २ मेगाबिटचा प्रवाह १ मेगासिम्बॉल होतो. १६ क्यूएएममध्ये (१६ ठिपक्यांच्या मॉड्युलेशनमध्ये) ४ बिट बसतात. हा हिशेब चुकला तर पुढचं सगळं दुपटीने किंवा निम्म्याने चुकतं, आणि सिग्नल दिसायला मात्र अगदी व्यवस्थित दिसतो.

रेझ्ड कोसाइन घराण्यातल्या फिल्टरची एकूण रुंदी = सिम्बॉल रेट × (१ + अल्फा). अल्फा ०.३५ घेतला तर आपला सिग्नल १.३५ मेगाहर्ट्झ जागा घेणार. चॅनल १.२५ मेगाहर्ट्झचा असेल तर तो मावत नाही, हे इथेच कळतं.

एखाद्या प्रमाणित प्रणालीचा सिग्नल काढायचा असेल तर निवड आपल्या हातात नसते. डब्ल्यूसीडीएमएत (थ्रीजी मोबाइलमध्ये) चिप रेट, म्हणजे तिथला सिम्बॉल रेट, ३.८४ मेगाचिप आणि अल्फा ०.२२ ठरलेला आहे, म्हणजे ५ मेगाहर्ट्झच्या चॅनलमध्ये ४.६८ मेगाहर्ट्झ वापरले जातात. टेट्रा या डिजिटल रेडिओ प्रणालीत १८ किलोसिम्बॉल आणि ०.३५. उपग्रह टीव्हीच्या डीव्हीबी-एसमध्ये ०.३५, पुढे डीव्हीबी-एस२ ने ०.२५ आणि ०.२० हेही पर्याय दिले, आणि एस२एक्सने तर ०.०५ पर्यंत मजल मारली. उपग्रहावरची बँडविड्थ महाग, म्हणून अल्फा दर पिढीला खाली गेला. जीएसएममध्ये गॉसियन, बीटी ०.३. ब्लूटूथच्या मूळ दरातही गॉसियनच, पण बीटी ०.५.

पायरी २ : कोणता फिल्टर

मेनूत साधारण तीन-चार नावं असतात. त्यांतल्या रेझ्ड कोसाइन आणि रूट रेझ्ड कोसाइन या दोघांतच नवख्यांचा सगळ्यात जास्त घोळ होतो.

रेझ्ड कोसाइन म्हणजे पूर्ण फिल्टर. तो एकट्याने नायक्विस्टची अट पाळतो. प्रत्यक्ष प्रणालीत मात्र रिसीव्हरलाही स्वतःचा फिल्टर लागतो, नाहीतर बाहेरचा नॉइज आत येतो. म्हणून हा पूर्ण फिल्टर दोघांत वाटून घेतात : ट्रान्समीटरकडे एक रूट, रिसीव्हरकडे दुसरा रूट, आणि दोघांचा गुणाकार पूर्ण. जनरेटर ट्रान्समीटरची जागा घेत असेल आणि समोरच्या रिसीव्हरमध्ये रूट फिल्टर असेल, तर जनरेटरवर रूटच लावायचा. व्यवहारात बहुतेक वेळा हेच असतं.

इथे एक आकडा डोळ्यांसमोर ठेवावा. अल्फा ०.२५ चा रूट फिल्टर घ्या. त्याच्या मधल्या, सर्वात उंच बिंदूची किंमत १.०६८ येते आणि बरोबर एक सिम्बॉल पुढच्या क्षणी ती उणे ०.०६४ असते, शून्य नसते. म्हणजे शेजारचा प्रत्येक सिम्बॉल आपल्या उंचीच्या सुमारे ६ टक्के उलट्या दिशेने या सिम्बॉलवर ढकलतो, आणि शेजारी दोन्ही बाजूंना असतात. म्हणून जनरेटरचे आय-क्यू आउटपुट सरळ ऑसिलोस्कोपवर लावून कॉन्स्टलेशन पाहिलं तर चार स्वच्छ ठिपके दिसायचे सोडून चार फुगलेले पुंजके दिसतात. यंत्र बिघडलेलं नसतं. फिल्टरचा दुसरा अर्धा भाग अजून लागलेला नसतो, एवढंच. उलट, रिसीव्हरमध्ये रूट असताना जनरेटरवर पूर्ण रेझ्ड कोसाइन लावला तर स्कोपवर ठिपके सुंदर दिसतील आणि रिसीव्हरमध्ये पुंजके होतील.

ओळखायची खूण : केंद्रापासून सिम्बॉल रेटच्या निम्म्या अंतरावर रूट फिल्टर ३ डीबी खाली असतो, पूर्ण फिल्टर ६ डीबी. आपल्या उदाहरणात केंद्रापासून ५०० किलोहर्ट्झवर मार्कर ठेवून बघा, कोणता लागला आहे ते लगेच समजतं.

गॉसियनची गोष्ट वेगळी आहे. जीएसएमच्या जीएमएसके किंवा ब्लूटूथच्या जीएफएसके मॉड्युलेशनमध्ये गॉसियन फिल्टर आय-क्यूवर लागत नाही. तो बिटांच्या प्रवाहावर लागतो, आणि त्यातून निघालेली गुळगुळीत लहर फ्रिक्वेन्सी हलवते. म्हणूनच त्या सिग्नलचा एन्व्हलप (लहरीची उंची) स्थिर राहतो आणि स्वस्त, नॉन-लिनियर अॅम्प्लिफायरही चालतो. स्वतःच्या कोडमध्ये गॉसियन आय-क्यूवर लावला की एन्व्हलप डुलायला लागतो आणि तो सिग्नल जीएमएसके राहत नाही. बीटी म्हणजे फिल्टरची ३ डीबी बँडविड्थ गुणिले बिटचा कालावधी. जीएसएमचा दर २७०.८३३ किलोबिट, बीटी ०.३, म्हणजे फिल्टर ८१.२५ किलोहर्ट्झचा. बीटी लहान केला तर स्पेक्ट्रम आटोपशीर होतो, पण शेजारचे बिट एकमेकांत मिसळतात. गॉसियन नायक्विस्टची अट पाळतच नाही. ती मिसळ रिसीव्हरने निस्तरायची असते.

‘रेक्टँग्युलर’ हा पर्याय म्हणजे फिल्टर नाहीच. ओएफडीएमसाठी (अनेक कॅरियर एकदम वापरणाऱ्या पद्धतीसाठी) यातलं काहीच लागत नाही, तिथे विंडोइंग वापरतात आणि तो विषय निराळा.

पायरी ३ : अल्फा ठरवणं

मानक नसेल आणि स्वतःची प्रणाली असेल तर अल्फा किती घ्यावा? लहान अल्फाचा मोह सगळ्यांनाच होतो, कारण बँडविड्थ वाचते. त्याची किंमत तीन ठिकाणी मोजावी लागते. पल्सच्या शेपट्या लांबतात, म्हणून फिल्टर लांब करावा लागतो. सिम्बॉलच्या मधल्या वेळात लहर जास्त उसळते, म्हणून शिखर आणि सरासरी यांच्यातलं अंतर वाढतं आणि अॅम्प्लिफायरला जास्त मोकळी जागा ठेवावी लागते. शिवाय रिसीव्हरचा टाइमिंग जरा चुकला तरी त्रुटी झपाट्याने वाढते. पहिल्या प्रयोगासाठी मी ०.३५ सुचवेन. चॅनल अपुरा पडतोय हे मोजून दिसलं, की मग ०.२५ किंवा ०.२ कडे जा. अल्फा ०.१ च्या खाली जायला काहीतरी सज्जड कारण हवं.

पायरी ४ : स्वतःचा फिल्टर तयार करणं

यंत्रातला तयार फिल्टर पुरत असेल तर तोच वापरा. काही जनरेटरमध्ये रूट फिल्टरसाठी ‘ईव्हीएमसाठी’ (ईव्हीएम म्हणजे सिम्बॉल आदर्श जागेपासून किती चुकला ते) किंवा ‘एसीपीसाठी’ (एसीपी म्हणजे शेजारच्या चॅनलमधली पॉवर) अशी निवडही असते. पहिल्या निवडीत सिम्बॉलची अचूकता जपलेली असते, दुसरीत शेजारच्या चॅनलमधली गळती कमी केलेली असते. रिसीव्हरची संवेदनशीलता तपासताना पहिली घ्यावी, अॅम्प्लिफायरची विकृती मोजताना दुसरी. ही निवड चुकीची राहिल्यामुळे चांगला अॅम्प्लिफायर वाईट ठरतो, असं होऊ शकतं.

स्वतःचा एफआयआर फिल्टर (टॅप नावाच्या गुणकांची यादी) लागतो तो वेगळ्या मानकासाठी, किंवा मुद्दाम बिघडवलेला सिग्नल काढून रिसीव्हरची सहनशक्ती बघायची असेल तेव्हा. मॅटलॅब, ऑक्टेव्ह, पायथन, काहीही चालेल. रूट रेझ्ड कोसाइनचं सूत्र असं आहे; क म्हणजे वेळ भागिले सिम्बॉलचा कालावधी, अ म्हणजे अल्फा, पाय म्हणजे π :

फ(क) = [साइन(पाय × क × (१ − अ)) + ४ × अ × क × कोसाइन(पाय × क × (१ + अ))] ÷ [पाय × क × (१ − (४ × अ × क)²)]

हे जसंच्या तसं कोडमध्ये टाकलं की दोन जागी शून्याला शून्याने भागलं जातं. एक जागा सगळ्यांना दिसते : क = ०. तिथे किंमत १ − अ + ४अ ÷ पाय. दुसरी जागा लपून बसते : मध्याच्या दोन्ही बाजूंना क = १ ÷ (४अ). अल्फा ०.३५ असेल तर ही जागा ०.७१४ सिम्बॉलवर येते. सिम्बॉलमागे ८ सॅम्पल घेतले तर ती पाचव्या आणि सहाव्या सॅम्पलच्या मध्ये पडते, कोणाला पत्ता लागत नाही, कोड सुरळीत चालतो. मग कोणीतरी अल्फा ०.२५ करतं, ती जागा बरोबर आठव्या सॅम्पलवर येते आणि यादीत अचानक एक ‘संख्या नाही’ अशी नोंद उगवते. ०.२ लाही तेच, दहाव्या सॅम्पलवर. त्या बिंदूसाठी वेगळं सूत्र आहे :

(अ ÷ √२) × [(१ + २ ÷ पाय) × साइन(पाय ÷ (४अ)) + (१ − २ ÷ पाय) × कोसाइन(पाय ÷ (४अ))]

अ = ०.२५ टाकलं की उणे ०.०६४ येतं. वर जो आकडा दिला तो इथूनच आला. तुमचा कोड तपासायला तोच वापरा. कॉम्प्युटरच्या दशांश गणितात ‘बरोबर समान आहे का’ असं विचारू नका, ‘अगदी जवळ आहे का’ असं विचारा.

लांबी किती ठेवायची? मध्याच्या दोन्ही बाजूंना ८-८ सिम्बॉल आणि सिम्बॉलमागे ८ सॅम्पल घेतले तर ८ × १६ + १ = १२९ टॅप होतात. अल्फा ०.३५ साठी ही सुरुवात बरी आहे. पूर्ण रेझ्ड कोसाइनची शेपटी वेळेच्या घनाच्या प्रमाणात विरते, रूटची फक्त वर्गाच्या प्रमाणात. म्हणजे रूट फिल्टर मुळातच लांब शेपटीचा. तो आखूड कापला की कापल्या जागी झटका बसतो आणि स्पेक्ट्रमच्या पायथ्याशी उपपट्टे वर येतात. कडांना कायझरसारखी हळुवार विंडो लावली तर ते उपपट्टे दबतात, पण नायक्विस्टची अट किंचित मोडते आणि ईव्हीएम थोडा वाढतो. मेमरी आणि टॅपची मर्यादा परवानगी देत असेल तर विंडोशी खेळण्याआधी लांबी वाढवून पाहावी.

टॅप मध्याभोवती सममित आहेत ना, हे एकदा तपासा. सममित असले की सगळ्या फ्रिक्वेन्सीना सारखाच विलंब होतो. १२९ टॅपला तो ६४ सॅम्पल, म्हणजे ८ सिम्बॉल असतो. ट्रिगर आणि मार्कर लावताना हा विलंब धरावा लागतो, नाहीतर पहिला सिम्बॉल कुठे गेला म्हणून शोधत बसाल.

फिल्टर यंत्रात भरताना ओव्हरसॅम्पलिंगचा आकडा (सिम्बॉलमागे किती सॅम्पल) विचारला जातो. आपण ८ वर आखलेला फिल्टर यंत्राला ४ चा म्हणून सांगितला तर पल्स वेळेत दुप्पट ताणली जाते आणि सिग्नल १.३५ ऐवजी ०.६७५ मेगाहर्ट्झचा होतो. स्पेक्ट्रम निम्म्या किंवा दुप्पट रुंदीचा दिसला तर आधी हा आकडा बघा.

पायरी ५ : सिम्बॉलपासून वेव्हफॉर्मपर्यंत

पूर्ण वेव्हफॉर्म कॉम्प्युटरवर तयार करून जनरेटरच्या मेमरीत टाकायचा असेल तर ही पायरी तुमची. सिम्बॉल ८ पटींनी वाढवताना मध्ये सात शून्यं भरा. तोच सिम्बॉल आठ वेळा लिहू नका. आठ वेळा लिहिलं की तो स्वतःच एक चौकोनी फिल्टर होतो, तुमच्या रूट फिल्टरला येऊन चिकटतो आणि स्पेक्ट्रमचा माथा कडांकडे उतरता होतो. चित्र जवळजवळ बरोबर दिसत असल्यामुळे ही चूक पटकन सापडत नाही.

नंतर आय आणि क्यू दोन्हींवर तेच टॅप स्वतंत्रपणे चालवायचे. ओ-क्यूपीएसके (क्यू वाहिनी मागे सरकवलेला प्रकार) असेल तर क्यूला अर्ध्या सिम्बॉलचा उशीर द्यायचा, त्यासाठी ओव्हरसॅम्पलिंग सम संख्येत हवं.

आता लूप. जनरेटर हा वेव्हफॉर्म शेवटापर्यंत वाजवतो आणि क्षणाचीही उसंत न घेता पुन्हा सुरुवातीपासून सुरू करतो. साधं कन्व्होल्युशन (टॅप सॅम्पलवरून सरकवत गुणाकार-बेरीज) केलं तर सुरुवातीला फिल्टर भरत असतो, शेवटी रिकामा होत असतो. हा शेवट त्या सुरुवातीला जोडला की प्रत्येक फेरीत खंड पडतो आणि स्पेक्ट्रम अॅनालायझरवर काही क्षणांनी शेजारच्या चॅनलमध्ये काहीतरी उडाल्यासारखं दिसतं. उपाय सोपा आहे : वर्तुळाकार कन्व्होल्युशन करा, म्हणजे शेवटापुढे पुन्हा सुरुवातच आहे असं धरून. तशी सोय नसेल तर शेवटचे काही सिम्बॉल सुरुवातीला आणि सुरुवातीचे शेवटी जोडून फिल्टर चालवा, आणि मग तो जास्तीचा भाग छाटून टाका.

बिटांचा हिशेबही इथे आडवा येतो. पीएन९ या चाचणीच्या ठराविक, यादृच्छिक भासणाऱ्या क्रमात ५११ बिट असतात. क्यूपीएसकेला दोनदोन बिट लागतात आणि ५११ विषम, म्हणजे एका फेरीअखेर एक बिट लोंबकळतो. दोन फेऱ्या घ्या : १०२२ बिट, ५११ सिम्बॉल, ४०८८ सॅम्पल. आता जनरेटरची मेमरी १६ च्या पटीत सॅम्पल मागत असेल तर ४०८८ चालत नाही, कारण १६ ने भाग जात नाही. पुन्हा दुप्पट करा, ८१७६, जातो. शेवटी शून्यं चिकटवून पट जुळवायची नाही, तिथे पुन्हा खंड पडेल. पाय बाय ४ डीक्यूपीएसके आणि जीएमएसकेमध्ये फेज साठत जातो, त्यामुळे लूपच्या शेवटी फेज सुरुवातीच्या फेजला येऊन मिळतो का तेही बघावं लागतं.

पायरी ६ : पातळी आणि डॅक

फिल्टरनंतर लहर सिम्बॉलच्या पातळीपेक्षा वर जाते. सगळ्यात मोठं सॅम्पल डॅकच्या (आकड्यांतून व्होल्टेज करणाऱ्या भागाच्या) कमाल पातळीला नेऊन ठेवलं तर बरोबर वाटतं, पण बहुतेक जनरेटर आत पुन्हा इंटरपोलेशन करतात (मधली सॅम्पल स्वतः काढतात) आणि खरं शिखर दोन सॅम्पलच्या मध्येच कुठेतरी असतं. तिथे आत ओव्हरफ्लो होतो. म्हणून कमाल पातळीच्या ७० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ३ डीबी खाली, सुरुवात करावी आणि ओव्हररेंजचा इशारा येत नाही असं पाहून हळूहळू वर जावं. आय आणि क्यूला एकाच गुणकाने गुणायचं; दोघांना वेगवेगळं ताणलं तर कॉन्स्टलेशनचा चौकोन आयत होतो.

फिल्टर बदलला की सरासरी पातळीही बदलते. जनरेटर आउटपुट पॉवर वेव्हफॉर्मच्या आरएमएस किमतीवरून ठरवतो, ती जुनीच राहिली असेल तर डिस्प्लेवरची पॉवर आणि केबलमधली पॉवर यांचा मेळ बसत नाही. नवीन फिल्टरनंतर ती पुन्हा मोजून घ्या.

डॅक प्रत्येक सॅम्पल पुढच्या सॅम्पलपर्यंत धरून ठेवतो, त्यामुळे तोही एक फिल्टरच आहे. सॅम्पल रेटच्या निम्म्यावर तो ३.९ डीबी खातो. आपला सिग्नल केंद्रापासून ०.६७५ मेगाहर्ट्झपर्यंत जातो. सिम्बॉलमागे २ सॅम्पल असतील तर कडेला १.७ डीबीची घट येते आणि प्रतिमा (सॅम्पल रेटभोवती उमटणारी सिग्नलची नक्कल) १.३२५ मेगाहर्ट्झपासूनच सुरू होते; मागच्या अॅनालॉग फिल्टरला तिला अडवणं अवघड. ८ सॅम्पल असतील तर घट जेमतेम ०.१ डीबी आणि प्रतिमा ७.३२५ मेगाहर्ट्झवर. आधुनिक यंत्रं ही घट आतल्या आत भरून काढतात. तरीही मेमरी पुरत असेल तर ४ च्या खाली जाऊ नये.

पायरी ७ : मोजून पाहणं

पहिल्यांदा स्पेक्ट्रम. ९९ टक्के व्याप्त बँडविड्थ मोजली की अॅनालायझर १.३५ नव्हे, १.१७ मेगाहर्ट्झच्या आसपास दाखवेल. फिल्टर बरोबर आहे. कडांकडे ऊर्जा इतकी थोडी असते की शेवटचा एक टक्का वगळताना बरीच रुंदी गळून पडते. डब्ल्यूसीडीएमएलाही असंच : ४.६८ चा सिग्नल, मोजल्यावर ४.१७ च्या आसपास.

मग शेजारची गळती. जनरेटरची स्वतःची गळती तपासायच्या मर्यादेपेक्षा निदान १० डीबीने चांगली हवी. डब्ल्यूसीडीएमए बेस स्टेशनला ५ मेगाहर्ट्झ अंतरावर ४५ डीबी लागतात, म्हणजे जनरेटर ५५ तरी दाखवायला हवा. १० डीबीचं अंतर असलं आणि दोन्ही गळत्या एकमेकांशी असंबंधित असल्या, तर मापनात ०.४ डीबीचीच भर पडते.

शेवटी व्हेक्टर अॅनालायझर. त्यात दोन फिल्टर भरायचे असतात आणि तिथे पुन्हा रूट-पूर्णचा घोळ होतो. मापन फिल्टर म्हणजे रिसीव्हरचा वाटा, तो रूट. संदर्भ फिल्टर म्हणजे आदर्श सिग्नल कसा दिसावा ते, तो पूर्ण रेझ्ड कोसाइन. जनरेटरवर पूर्ण लावला असेल तर मापन फिल्टर बंद ठेवायचा. जीएमएसकेला मापन फिल्टर सहसा नसतो, संदर्भ गॉसियन असतो.

ईव्हीएम वाईट आला तर

एकदम सगळं बदलू नका. ईव्हीएमचा वेळेप्रमाणे आलेख उघडा. सिम्बॉलच्या क्षणी त्रुटी कमी आणि मधल्या वेळात जास्त असेल तर संशय अल्फावर : जनरेटरवर ०.३५ आणि अॅनालायझरवर ०.२२ असं काहीतरी असेल. त्रुटी सगळीकडे सारखी मोठी असेल आणि पुंजके गोल असतील तर रूट-पूर्ण तपासा, नंतर नॉइज. ठराविक अंतराने एकच उंच काटा दिसत असेल आणि ते अंतर वेव्हफॉर्मच्या लांबीएवढं असेल, तर लूपचा सांधा. १६ क्यूएएमसारख्या कॉन्स्टलेशनच्या बाहेरच्या कोपऱ्यांतले बिंदू आत दबलेले असतील तर फिल्टरचा दोष नाही, कुठेतरी पातळी जास्त आहे. जनरेटरची पॉवर १० डीबीने उतरवा आणि अॅनालायझरची रेंज तेवढीच जुळवून घ्या. बिंदू परत जागेवर आले तर अॅम्प्लिफायर, न आले तर डॅकचं स्केलिंग.